पेल्याचा चटका आणि झाडाचा चीक

स्टीलच्या पेल्यात कढत चहा ओतला की पेला हातात धरवत नाही. तितकाच गरम चहा जपानी राकू वाडग्यात असेल, तर तो दोन्ही तळव्यांत निवांत धरता येतो. सेन नो रिक्यू या चहागुरूने १६व्या शतकात चोजिरो या कारागिराकडून असे वाडगे घडवून घेतले. ते चाकावर न फिरवता हाताने घडवलेले आणि कमी आचेवर भाजलेले असत, त्यामुळे माती सच्छिद्र राही. छिद्रांत अडकलेली हवा उष्णता अडवते. चहाही गरम राहतो आणि हातही पोळत नाही. आज बॅटरीवर चालणारं, पिशवीत मावणारं चहायंत्र घडवू पाहणाऱ्यांनी पहिला धडा या वाडग्याकडून घ्यायला हवा.

चहाचं सामान सोबत नेण्याची कल्पना जपानला नवी नाही. चाबाको नावाच्या लाकडी पेटीत वाडगा, बांबूची रवी, चहाची डबी असं सगळं बेताने बसवून नेतात. उरासेंके घराण्याचे अकरावे गुरू गेन्गेन्साई यांनी १९व्या शतकात या पेटीसाठी चहा करण्याच्या खास रीती घालून दिल्या. नवी भर पडली आहे ती बॅटरीची, आणि तिथे पदार्थाच्या निवडीला आकडेमोड चिकटते. १५० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांवर न्यायला सुमारे ३५ किलोज्यूल, म्हणजे जवळपास १० वॅट-तास ऊर्जा लागते. १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेत ती असते साधारण ३७ वॅट-तास. अर्धा किलोची बिडाची किटली वापरली, तर पाण्याला लागते त्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त उष्णता आणखी तिच्यासाठीच खर्च होईल. म्हणून आतलं भांडं पातळ स्टीलचं किंवा टायटॅनियमचंच हवं. टायटॅनियम स्टीलपेक्षा बरंच हलकं असतं. शिवाय सेन्चा या हिरव्या चहाला उकळतं पाणी नकोच असतं, ७० ते ८० अंश पुरतात. त्याहून गरम पाण्यात कडवट, तुरट कॅटेचिन जास्त उतरतात. चव गोडसर करणारं थिअॅनिन मात्र कोमट पाण्यातही सुटतं.

आता हाताचं बघू. चटका किती बसेल हे नुसत्या वस्तूच्या तापमानावर ठरत नाही. स्पर्श होताच त्वचा आणि वस्तू यांच्यामध्ये एक मधलं तापमान तयार होतं. ते कोणाकडे झुकेल, हे पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि उष्णता धरून ठेवण्याची क्षमता या तिन्ही मिळून ठरवतात. ७० अंशांच्या जाड स्टीलला ३४ अंशांची त्वचा टेकली, तर हे मधलं तापमान ६५ अंशांच्या आसपास जातं. तितक्याच गरम लाकडाला टेकली, तर सुमारे ४३. आपल्या मज्जातंतूंमधली टीआरपीव्ही-१ ही प्रथिनाची झडप साधारण ४३ अंशांनाच उघडते आणि भाजल्याची खबर मेंदूला देते. मिरचीचा तिखटपणा कळतो तोही हिच्यामुळेच. तिचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे एक मानकरी आहेत. म्हणजे लाकूड किंवा बांबूचं बाह्य आवरण ही नुसती शोभा नाही, ते चटक्याच्या उंबरठ्यावर हाताला थोपवून धरतं.

पण उघडं लाकूड पाणी पितं, डागाळतं. त्यावर जपानचं उत्तर म्हणजे उरुशी, एका झाडाचा चीक. तो वाळतो म्हणजे सुकत नाही. ७० ते ८० टक्के दमटपणा असलेल्या उबदार कपाटात ठेवला की चिकातलंच एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्याचे रेणू एकमेकांत गुंफतं आणि टणक कवच तयार होतं. कोरड्या हवेत हे काम रखडतं. हे कवच पाण्याला आणि आम्लाला दाद देत नाही. त्याचा शत्रू ऊन. ओला चीक अंगाला लागला तर मात्र पुरळ उठतं. बिब्बा उतल्यावर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं नवल वाटणार नाही, कारण उरुशी, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेलं रोगण जपानमध्ये उरुशीला स्वस्त पर्याय म्हणून कित्येक दशकं वापरात आहे. कोकणात काजूच्या टरफलांचे ढीग पडत असताना आपल्या डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी या रोगणाकडे वळून पाहायला हवं. ओठांना लागणाऱ्या कडेवर ते लावण्याआधी अन्नाच्या संपर्कात ते निर्धोक आहे याची चाचणी मात्र व्हायलाच हवी.

नाकाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. चहाची पत्ती शेजारचा वास चटकन ओढून घेते. हिनोकी या लाकडाचा सुगंध न्हाणीघरात कितीही मोहक वाटला, तरी चहाच्या डबीत तो नको. सिलिकॉनही वास धरून ठेवतं. कालची कॉफी आजच्या चहात उतरते ती बहुधा झाकणातूनच. म्हणून असं भांडं विकत घेताना झाकणातला सिलिकॉनचा वायसर काढून हुंगा, आणि तो सुटा निघत नसेल तर ते भांडं घेऊ नका.