उमेदवारी संपली, फलक लागला : एसी दुरुस्तीच्या धंद्यातील पहिले वर्ष

एप्रिलच्या उन्हात कळंगुट-कांदोळी पट्ट्यातील हॉटेलांच्या गच्चीवर एसीच्या बाहेरच्या युनिटांपाशी वाकलेली दोन माणसे हमखास दिसतात. एक मिस्त्री आणि दुसरा त्याच्या हाताखालचा शिकाऊ उमेदवार. सुरुवातीला उमेदवाराच्या हाती शिडी आणि पाण्याचा पाइप असतो. पुढे गेज येते, गॅसची बाटली येते, आणि एक दिवस मिस्त्री दुसऱ्या कामावर अडकलेला असताना तो एकटाच बंद पडलेले यंत्र सुरू करून परततो. स्वतःच्या नावाचा फलक लावण्याचा विचार बहुधा त्याच संध्याकाळी मनात शिरतो. विचारात गैर काही नाही. मात्र काम येणे आणि धंदा येणे यांत अंतर आहे, आणि ते उमेदवारीच्या काळात सहसा दिसत नाही.

शिकाऊ उमेदवारीला १९६१ च्या कायद्याचे अधिष्ठान आहे. या कायद्याखालील उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी मानला जातो. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनी त्याचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपयांच्या दरम्यान ठरवले. मुदत पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यास राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. मुदत संपायला दोन-तीन महिने असताना दुकान टाकण्याची घाई करणारा हे प्रमाणपत्र गमावतो. बँकेत कर्जासाठी बसल्यावर त्याची उणीव जाणवते. लहान दुकानांत कोणताही लेखी करार न होता काम शिकणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी निघण्यापूर्वी मालकाकडून अनुभवाचे पत्र तरी लिहून घ्यावे.

दुकानात शिकायला मिळत नाही ती गोष्ट म्हणजे भाव. सांधा कसा जोडायचा हे उमेदवार पात्रांवच्या खांद्याशी उभा राहून पाहतो. गिऱ्हाइकाला किती रुपये सांगायचे, हे मात्र पात्रांव फोनवर एकट्यानेच ठरवतो. त्यामुळे नवा दुकानदार एकच हिशेब करतो : मालक घेत होता त्याहून शंभर रुपये कमी. समजा, एका घरगुती एसीच्या सर्व्हिसिंगचे ६०० रुपये आणि दिवसाला चार कामे. सायंकाळी खिशात २,४०० रुपये असतात. त्यातून मदतनीसाचा रोज ७०० रुपये, पेट्रोल व किरकोळ सामान ३०० रुपये आणि उपकरणांच्या झिजेपोटी ३०० रुपये वजा केले की उरतात १,१००. महिन्यात असे भरलेले दिवस पंधराच मिळाले, तर हाती येतात १६,५०० रुपये. दुकानाचे भाडे, कर्जाचा हप्ता, स्वतःचे आजारपण हे सारे त्यातूनच भागवायचे. फुकटात कराव्या लागणाऱ्या दुसऱ्या फेऱ्या तर या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

आणि किनाऱ्यावर दुसरी फेरी फार काळ टळत नाही. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटमधील तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गंजत जातात, बारीक छिद्रे पडतात आणि गॅस हळूहळू निसटतो. गळती न शोधता वरून गॅस भरला, तर खोली त्या दिवशी गार होते, पैसेही मिळतात. महिनाभरात मात्र तेच गिऱ्हाईक चिडून फोन करते. योग्य रीत वेळखाऊ आहे. नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने गळती शोधायची, ती जागा सांधायची, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढायचा, मग युनिटवरील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा. हंगामाच्या घाईत दुकानांतून पहिलीच रीत चालते आणि उमेदवाराच्या हाताला तीच सवय जडते. तिथे पुन्हा आलेल्या तक्रारीचा भार मालकाच्या नावावर जात होता. आता तो स्वतःच्या नावावर येणार असतो. हल्लीच्या बहुतेक नव्या एसींमधील आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे आणि अनेक घरगुती फ्रिजमधील आर-६००ए तर सहज पेट घेतो, हेही विसरून चालत नाही. म्हणून पहिले पैसे रंगवलेल्या गाडीवर किंवा मोठ्या फलकावर न घालता व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि नायट्रोजनची बाटली यांवर घालावेत.

हंगामाचे गणित गोव्यात वेगळे आहे. उन्हाळ्यात घरगुती कामाला हात पुरत नाहीत. जूनमध्ये पाऊस लागला की फोन थांबतो. पावसाळ्यात पर्यटक घटल्यावर काही हॉटेले खोल्यांची देखभाल काढतात. वार्षिक देखभालीचा एखादा करार हाती असेल, तर चतुर्थीपर्यंतचे महिने निभावतात. म्हणून दुकान मार्चमध्ये उघडावे की ऑक्टोबरमध्ये, या प्रश्नापेक्षा पहिल्या पावसाळ्याचे चार महिने घर चालेल एवढी रक्कम साठली आहे का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

हॉटेलचे काम म्हणजे उधारी. घरचे गिऱ्हाईक जागेवर पैसे देते. हॉटेलचे बिल व्यवस्थापकाकडून लेखा विभागात आणि तिथून पुढच्या महिन्यात जाते. यावर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात उपाय आहे. करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी मात्र काम करण्यापूर्वीची हवी. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. नवा माणूस व्याजासाठी हॉटेलशी भांडत बसणार नाही, हे उघड आहे. तरीही बिलावर छापलेला उद्यम क्रमांक उपयोगी पडतो, कारण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी देणी मुदतीत न फेडल्यास त्या वर्षी ती खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाहीत. लेखा विभागाला हे ठाऊक असते.

परवान्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर पंचायत वा नगरपालिकेचा व्यवसाय परवाना घ्यावा, घराच्या पडवीत दुकान थाटले तरीही. निव्वळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. एसीसाठी नवी वायरिंग ओढण्याचे काम मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे आहे. ते अंगावर घेऊ नये.

कर्जाच्या बाबतीत क्रम चुकला की नुकसान होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत २०२२ च्या सुधारणेनंतर सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आदींना ३५ टक्के अनुदान मिळते. परंतु ही योजना नव्या उद्योगांसाठीच आहे. आधी दुकान सुरू करून मग अर्ज नेणाऱ्याला तिथे दार बंद असते. ज्याला एवढी मोठी रक्कम नको, त्याच्यासाठी मुद्रा योजनेचा ५० हजारांपर्यंतचा ‘शिशु’ गट आहे. पंप, काटा आणि गेज घेण्यास तो उपयोगी पडतो. गोव्यात आर्थिक विकास महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे.

राहिला सर्वांत नाजूक भाग, जुन्या मालकाचा. ‘याच परिसरात दुकान टाकणार नाही’ असे काहीजण उमेदवाराकडून लिहून घेतात. उमेदवारी संपल्यानंतरच्या काळासाठी अशी अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते. कायदेशीर धंदा करण्यापासून कुणालाही अशा कराराने रोखता येत नाही. परंतु दुकानाच्या वहीतून गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक उतरवून नेणे हे त्या संरक्षणात बसत नाही, आणि म्हापसा काय, मडगाव काय, बाजार एवढा लहान आहे की ते आठवडाभरात सर्वांना कळते. दोन महिने आधी सांगून, हातातली कामे पुरी करून निघालेल्या मुलाला पुढच्याच एप्रिलमध्ये जुन्या पात्रांवचा फोन येण्याचा संभव अधिक : माझी माणसे कमी पडतात, पर्वरीची चार कामे करशील? अशी कामे घ्यावीत. फक्त बिल कोणाच्या नावाचे आणि यंत्र पुन्हा बिघडले तर फेरी कोणाची, हे दोघांनी शिडी लावण्याआधीच बोलून घ्यावे.