गव्हाच्या मुलुखात भाकरी

भोपाळ सोडून पश्चिमेस सीहोरच्या वाटेला लागले म्हणजे फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिकलेल्या गव्हाची शेतेच शेते दिसतात. हा तिकडचा प्रसिद्ध शरबती गहू. दाणा टपोरा, रंग सोन्यासारखा, आणि त्याची पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते असे तेथील गृहिणी अभिमानाने सांगतात. २०२३ साली या गव्हास भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा या मुलुखात माझे धाकटे बंधू भेलच्या कारखान्यात नोकरीस आहेत, आणि त्यांच्याच घरी एक मुलगी अशी निघाली की, जिला गव्हाचा एक घासही सोसत नाही.

आम्ही मूळची भात खाणारी माणसे. आमच्याकडे गहू येतो तो पावाच्या रूपाने, नाहीतर सणावारी. परंतु देश तसा वेष, आणि वेषाबरोबर आहारही. बंधूंच्या घरी हळूहळू सकाळी पराठा, दुपारी पोळी, रात्री पोळी आणि रविवारी शेजाऱ्यांकडून शिकलेले दाल-बाफले असा परिपाठ पडला. पुतणी सहा वर्षांची होईतो तिचे पोट नगाऱ्यासारखे फुगू लागले. हातपाय मात्र काड्यांसारखे. वारंवार जुलाब होत. खेळता खेळता ती मध्येच भिंतीला टेकून बसे. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावीत, तेव्हा दोन वर्षे तिची जागा पहिलीच राहिली.

एका दवाखान्यात जंताचे औषध मिळाले. दुसरीकडे रक्त कमी म्हणून लोहाचे औषध मिळाले, आणि ते दोन वर्षे चालले. कोणी म्हणाले, हवा मानवत नाही; कोणी म्हणाले, मुलगी खाण्याची चोरटी आहे. तेव्हा तिच्या आईने आग्रह करकरून तिला आणखी एक पोळी भरवावी! आज ते आठवले की भावजयीचे डोळे भरून येतात. शेवटी एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद चाळून एकच प्रश्न विचारला, “दोन वर्षे लोह पोटात जात आहे, तर मग ते रक्तात का पोहोचत नाही?”

या प्रश्नातच रोगाची ओळख आहे. आपल्या लहान आतड्याच्या आतील अंगास मखमलीसारखे बारीक बारीक रसांकुर असतात. अन्नातील सत्त्व शोषून घेण्याचे काम त्यांचे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. काही माणसांच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती या ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटते. रसांकुर झिजून सपाट होतात. मग कितीही सकस खाल्ले तरी ते अंगी लागत नाही. या विकाराला सिलिॲक म्हणतात. मोठ्या माणसांत कधी जुलाब मुळीच नसतात. नुसता न हटणारा पंडुरोग, थकवा, हाडांचा ठिसूळपणा, एवढ्यावरच तो लपून राहतो. अनुवंशाचा त्यात भाग असल्यामुळे एकास निघाल्यावर आईवडील व भावंडे यांचीही रक्ततपासणी करून घेणे इष्ट असते.

गव्हामुळे हे होते हे वैद्यकाला फार उशिरा कळले. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवले आणि मुले सुधारली. सर्वांना वाटले, केळ्यात काही गुण आहे. आपल्या वसईच्या सुकेळीवाल्यांना हे ऐकून आनंद होईल. पण खरा गुण केळी खाण्यापेक्षा पाव न खाण्यात होता! हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय पूर्वीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तेथे भीषण उपासमार झाली, पाव दुर्मिळ झाला. सारा देश खंगत असताना ही आजारी मुले मात्र बरी दिसू लागली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला, आणि तेव्हापासून उपचाराची दिशा ठरली.

आपल्याकडे हा परदेशी लोकांचा रोग असे बराच काळ समजत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. तीत या रोगाची प्रतिपिंडे रक्तात असलेल्यांचे प्रमाण उत्तर भारतात हजारी सुमारे बारा, ईशान्येकडे आठ-नऊ आणि दक्षिणेत अवघे एक असे आढळले. या रोगास अनुकूल अशी आनुवंशिक ठेवण तिन्ही प्रदेशांत जवळजवळ सारखीच होती. ताटातला गहू मात्र सारखा नव्हता. म्हणून आपल्या गावातून पोळीच्या प्रदेशात नोकरीस किंवा शिक्षणास गेलेल्या, अथवा तिकडे दिलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. हे वाचून कोणी उद्यापासून पोळी बंद करू नये. पोटाचे विकार अनेक आहेत. व्रण निराळा, आतड्याचा दाह निराळा, आणि बहुतेकांना गहू उत्तम मानवतो. शिवाय गहू आधीच सोडला तर रक्ताच्या तपासणीत हा रोग दिसेनासा होतो. आधी गहू खात असतानाच रक्त तपासावे, मग डॉक्टर सांगतील तर दुर्बिणीने आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून खात्री करावी, आणि मगच पथ्य. ते पथ्य जन्माचे असते. त्याला दुसरे औषध आजमितीस नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण खरी लढाई तेथेच झाली. तांदळाची भाकरी भावजयीला येत होती. परंतु वाढत्या मुलीस नुसता तांदूळ आणि साबुदाणा देऊन भागत नाही. पोट भरते, पण लोह, चुना आणि चोथा कमी पडतो. मदतीस आली ती बऱ्हाणपूरकडची शेजारीण. तिने ज्वारीची भाकरी आणि खानदेशी कळण्याची भाकरी शिकवली. पहिल्या दिवशी भाकरीचे चार तुकडे झाले. शेजारीण म्हणाली, “ताई, हिला लाटू नका, थापा. पीठ कढत पाण्यात मळा.” मला त्यातला मर्म पुढे उमगला. पोळीची कणीक ताणली जाते, लाटली जाते, ती ग्लुटेनच्या चिकटपणामुळे. भाकरी मोडते, कारण तिच्यात ते नाही. मोडणारी भाकरी हीच आमच्या मुलीची भाकरी!

ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा ही सर्व निर्धोक आहेत. हिंदू शेजाऱ्यांच्या एकादशीचा फराळ बहुधा तिला चालतो, म्हणून ती एकादशीची वाट पाहते याची घरात थट्टा होते. भोपाळच्या न्याहारीतले पोहे चालतात, सोबतची जिलबी नाही. डाळी, अंडी, मासळी, पालेभाज्या, फळे यांना काहीच आडकाठी नाही. पहिले काही महिने दूध पचले नाही, कारण दूध पचविणारा रसही त्या झिजलेल्या रसांकुरांवरच तयार होतो. आतडे भरून येताच दूधही चालू झाले. दुकानातील ग्लुटेनविरहित बिस्किटे महाग, शिवाय त्यांत साखर व तूप फार. ती नाताळापुरती ठेवली आहेत.

एवढे करूनही तीन महिन्यांनी पोट पुन्हा बिघडले. कोठे चुकते आहे ते कळेना. अखेर दोन चोर सापडले. पहिला हिंगाच्या डबीत बसला होता. बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवर ते छापलेलेही असते, पण हिंगाची डबी वाचतो कोण? दुसरा चोर गिरणीत होता. ज्या जात्यात दिवसभर शरबती गहू दळला जातो, त्यातच आमची दोन किलो ज्वारी पडत होती आणि गव्हाचे पीठ सोबत घेऊन घरी येत होती. गिरणीवाला भला माणूस. त्याने जाते झाडून देण्याची तयारी दाखवली. परंतु झाडल्याने ते निघत नाही. ज्या अन्नास ग्लुटेनविरहित म्हणावयाचे त्यात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, असा आपल्याकडचा नियम आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही न येणारा कण. शेवटी बंधूंनी हप्त्याने घरघंटी घेतली. तिच्यात गहू पडत नाही. मुलीचा तवा, पोळपाट आणि चाळणी वेगळी. तळणीचे तेलही वेगळे.

हालचालीविषयी घरात दोन पक्ष होते. आजीचे म्हणणे, पोर अशक्त, तिला पळू देऊ नये. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, रक्त फारच कमी आहे तोवर दमेल असे काही नको, पण अंथरुणावर ठेवू नका. हाडांना चालण्याची गरज आहे, उन्हाची आहे. मग बंधू रोज सकाळी तिला मोठ्या तलावाच्या काठी नेऊ लागले. पहिल्या आठवड्यात दोन विजेच्या खांबांमधले अंतर, मग बसणे, पाण्यातले बगळे मोजणे आणि परत. पावसाळा संपेतो ती वनविहाराच्या फाटकापर्यंत जाऊ लागली. वर्षभरात तिची उंची झपाट्याने वाढली, आणि शाळेच्या रांगेतली पहिली जागा तिने एकदाची सोडली. आता ती खो-खो खेळते, आणि सांगते की पाठलाग करताना पोटाची आठवणसुद्धा होत नाही.

आमच्या घरातील सर्वांत अवघड दिवस मात्र रुग्णालयात उगवला नाही. ती नऊ वर्षांची झाली आणि पहिल्या कम्युनियनची तयारी सुरू झाली. ओस्ती गव्हाचीच असते. मुलीने आईला विचारले, “येशूनेही मला त्रास होईल का?” या प्रश्नावर काय बोलावे हे भावजयीला सुचेना. ती तडक फादरांकडे गेली.

फादरांनी तिला समजावून सांगितले ते येथे थोडक्यात देतो, कारण पुष्कळ कुटुंबांना ते ठाऊक नसते. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे ओस्ती गव्हाचीच हवी. ग्लुटेन मुळीच नसलेली ओस्ती ग्राह्य नाही. परंतु अत्यल्प ग्लुटेन असलेली ओस्ती ग्राह्य आहे. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने २४ जुलै २००३ रोजी काढलेल्या पत्रात हे स्पष्ट केले आहे; कार्डिनल रॅटझिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले, ते तेव्हा मंडळाचे प्रमुख होते. आणि ज्यांना तेवढेही सोसत नाही, त्यांनी केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घ्यावे. कोणत्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्ण आहे. याच मंडळाने १९९५ साली अशा रोग्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा देऊ नये असे म्हटले होते; २००३ मध्ये ते मऊ करून फार सावधगिरी बाळगावी एवढेच ठेवले. मला स्वतःला या बदलाने समाधान वाटले. आजारामुळे कोणा मुलाचे पाचारण पहिल्याच पायरीवर अडावे, हे मनाला पटत नव्हते.

एक बारीक गोष्ट फादरांच्याही ध्यानात प्रथम आली नव्हती, ती डॉक्टरीणबाईंनी सुचवली. मिस्सामध्ये ओस्तीचा एक कण पात्रात टाकतात. तेव्हा त्या पात्रातील द्राक्षारस मुलीला चालणार नाही. तिच्यासाठी निराळे लहान पात्र हवे. ते वेदीवर ठेवण्यात आले. पांढऱ्या झग्यातल्या मुलींच्या रांगेत ती तिसरी होती. फादर क्षणभर थांबले, लहान पात्र उचलले, आणि रांग पुढे सरकली. कोणी वळूनही पाहिले नाही.

लोकांच्या पंगतीत मात्र अजून त्रास होतो. “एका घासाने काय होते?” हे वाक्य भावजयीने शेकडो वेळा ऐकले आहे. नाही म्हटले की यजमानीण रुसते. एका आप्तबाईंनी तर सल्ला दिला की, हे कोठे बोलू नये, उद्या मुलीच्या लग्नास अडचण येईल. बंधू सहसा रागावत नाहीत, त्या दिवशी रागावले. लपवून सासरी गेलेली मुलगी पहिल्याच दिवशी गव्हाच्या ताटावर बसेल आणि लाजेने जेवेल. त्यापेक्षा गावभर कळलेले बरे, असे ते म्हणाले. मी त्यांच्या बाजूचा आहे. आमच्याकडे आता पाहुण्यांना आधीच सांगतात, आणि मुलगी समारंभास जाताना स्वतःचा डबा नेते.

गेल्या नाताळात सारे गावी आले होते. मातोश्रींनी मैद्याचा फराळ केलाच नाही. तांदळाचे, नारळाचे आणि नाचणीचे केले. परतताना मुलीने सुकेळ्यांची एक पुडी बॅगेत घातली, आणि बंधूंनी घरघंटीसाठी दहा किलो नाचणी.