गॅबन आणि म्यानमार : व्हिनियरच्या व्यापाराचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी, लाकूड आमची लाइन नव्हे. पण सुतारकामात आणि फर्निचरमध्ये आपले पुष्कळ कारागीर बांधव आहेत. प्लायवूडचा भाव कोणत्या दूरच्या मुलकातून हलतो, हे त्यांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

ओंडका सोलून काढलेला लाकडाचा पातळ पापुद्रा म्हणजे व्हिनियर. प्लायवूडच्या पोटात निलगिरी, पॉपलर असे हलके लाकूड चालते. वरचा फेस मात्र चांगल्या झाडाचा लागतो. आपल्याकडे त्यासाठी गर्जनचे नाव, आणि गर्जन येई मुख्यतः म्यानमारमधून. १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने ईशान्येकडील राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास बंदी आली, तेव्हा परदेशी मालाची गरज आणखी वाढली.

दुसरा देश आफ्रिकेतील गॅबन. लोकवस्ती वीस-पंचवीस लाख, बाकी बहुतेक जंगल. तिथले ओकुमे झाड हलके, गुलाबी आणि सोलायला सोपे. ओकुमेचे ओंडके आधी युरोपला, नंतर मुख्यतः चीनला जात.

आमच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही देश कापूस विकत होते, सूत दुसरेच कातत होते. गॅबनने २०१० मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून तेच केले. हुकूम एकच, पण फळ वेगळे. गॅबनने बंदीबरोबर लिब्रेव्हिलजवळ न्कोक येथे औद्योगिक क्षेत्र उभारले, करात सवलती दिल्या. व्हिनियरच्या गिरण्या आल्या, त्यात भारतीय कंपन्याही होत्या. भारतीय गिरण्या म्यानमारमध्येही गेल्या. पण तिथे जंगल आधीच बेसुमार तुटलेले होते. २०१६ मध्ये सरकारला वर्षभर देशभरातील तोडच थांबवावी लागली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिका व युरोपचे निर्बंध आले. गॅबनही धुतल्या तांदळासारखा नाही. २०१९ मध्ये केवाझिंगो लाकडाचे कंटेनर गायब झाल्याच्या प्रकरणात उपराष्ट्राध्यक्ष आणि वनमंत्री यांना जावे लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेही लष्कराने सत्ता घेतली.

आता आकड्यांची गोष्ट, कारण इथेच माणूस फसतो. म्यानमारमध्ये एप्रिल २०१२ पूर्वी सरकारी दर डॉलरला सुमारे ६ क्यात होता, तर बाजारात ८०० च्या आसपास! त्या काळचे क्यातमधले निर्यातीचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी मांडणे म्हणजे वार आणि किलो यांची बेरीज. शिवाय तिथले हिशेबी वर्ष २०१८ मध्ये ऑक्टोबरपासून धरू लागले आणि २०२२ मध्ये पुन्हा एप्रिलवर आणले. गॅबनचे चलन फ्रँकला बांधलेले होते. जानेवारी १९९४ मध्ये त्याची किंमत एका रात्रीत निम्मी झाली; आज ते युरोला बांधलेले आहे. म्हणून तुलना करताना डॉलरबरोबर घनमीटरही पाहावे आणि विकणाऱ्याचा आकडा घेणाऱ्या देशाच्या आकड्याशी ताडून पाहावा. बंदीनंतर ओंडक्यांचा आकडा पडतो आणि व्हिनियरचा चढतो. दोन्ही एकत्र मोजले तरच खरा नफा-तोटा दिसतो. जकातीच्या यादीत ओंडका ४४०३ आणि व्हिनियर ४४०८ या क्रमांकाखाली येते.

आपल्या दुकानापर्यंत याचा परिणाम असा की गर्जन महागले आणि ओकुमे सर्रास आले. ओकुमे वाईट नाही. वाईट आहे ते त्याला लाल रंग देऊन गर्जनच्या भावाने विकणे. फेस अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असल्याने वजनावरून काही कळत नाही. बिलावर नुसते ‘प्लाय’ न लिहिता फेसच्या झाडाचे नाव लिहून घ्यावे. जो लिहून द्यायला कचरतो, त्याला गर्जनचा भाव देऊ नये.