“माझेही पाय सुजले होते, डॉक्टर!”

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीला घेऊन आई दवाखान्यात येते. लेकीच्या सुजलेल्या पायांकडे मी पाहू लागलो, की ती समजुतीने म्हणते, “दिवस असताना पाय सुजतातच. माझेही सुजले होते, डॉक्टर!” पुष्कळदा हे खरे असते. परंतु सूज चेहऱ्यावर व हातांवर आली, डोके सतत दुखू लागले, नजर अंधुक झाली किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गर्भारपणात मूत्रपिंडांचे काम सुमारे दीडपट वाढते. त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन एरवीपेक्षा कमी असावयास हवे. इतरांच्या बाबतीत निर्दोष ठरणारा १.० हा आकडा गर्भवतीच्या अहवालात दिसल्यास त्याची चौकशी व्हावी. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आणि लघवीत प्रथिने, ही प्रीएक्लॅम्प्सियाची खूण. हा विकार, प्रसूतीतील अतिरक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांमुळे धडधाकट मूत्रपिंडेही अचानक बंद पडू शकतात.

श्रीमंत देशांत हा प्रसंग आता विरळा झाला आहे. आपल्यासारख्या देशांत मात्र तो अजून घडतो, कारण उपचार उशिरा मिळतात. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाद्वारे २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस देण्याची सोय झाली. तरी वाडी-पाड्यावरून जिल्ह्याचे ठिकाण दूरच असते आणि मूत्रपिंडतज्ज्ञ बहुधा शहरात. ज्या स्त्रीची मूत्रपिंडे आधीच निकामी आहेत, तिला गर्भारपणी आठवड्यातून दोन-तीनदा नव्हे, जवळजवळ रोज डायलिसिस लागते. तेवढा प्रवास आणि तेवढी मजुरी बुडवणे किती घरांना परवडेल?

यंत्र दूर असले, तरी रक्तदाब मोजण्याचे साधन आणि लघवीची तपासपट्टी जवळच्या आरोग्य केंद्रात असते. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी घरची कामे आपण वाटून घ्यावीत व तिला पाठवावे. ती माहेरी निघाली, की तपासणीचे कार्ड आणि सर्व अहवाल पिशवीत आहेत ना, हे पाहावे. कंबरदुखीसाठी घरातली वेदनाशामक गोळी तिला देऊ नये. धोक्याची खूण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरच्या बैठकीत वेळ दवडू नये.

प्रसूतीनंतर रक्तदाब उतरला, म्हणजे सारे संपले असे नाही. सहा आठवड्यांनी रक्तदाब व लघवी पुन्हा तपासावी आणि पुढे दरवर्षी. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला, त्यांना पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब व मूत्रपिंडविकाराचा धोका अधिक असतो.

म्हणून आईचे ते वाक्य मी आता सोडून देत नाही, तिलाच विचारतो, “नुसते पाय सुजले होते, की रक्तदाबही वाढला होता? झटके आले होते का?” आईला तो त्रास झाला असेल, तर लेकीलाही त्याचा धोका अधिक असतो. हे गर्भारपणाच्या आरंभीच कळले, तर प्रतिबंधक औषध वेळेवर सुरू करता येते. तेव्हा आजीबाई, आपली जुनी हकिगत लेकीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. आणि त्याच फेरीत स्वतःचा रक्तदाब व क्रिएटिनिनही तपासून घ्या.