शिलाईचा गाळा आणि आपले कान

गावाकडून गेलेली तुमची नणंद, भाची नाहीतर थोरली लेक जोगेश्वरीच्या एखाद्या गाळ्यात शिलाईला असेल आणि हल्ली फोनवर “काय? परत सांग” असं सारखं म्हणत असेल, तर आजचं आमचं बोलणं तिच्याबद्दल आहे.

लहानशा गाळ्यात ओळीने शिलाई मशिनी, ओव्हरलॉक, वर पंखे. भिवंडीच्या मागांसारख्या इथे कानठळ्या बसत नाहीत, म्हणूनच हा आवाज फसवा. हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर गेला असं समजा. ८५ ला दिवसाचे आठ तास ही हद्द. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला चारच तास. आणि ऑर्डरची घाई असली की ओव्हरटाइम आलाच.

कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात, पुन्हा येत नाहीत. आधी उंच, बारीक आवाज जातात: स, श, लहान लेकराचं बोलणं. जाड आवाज ऐकू येतो. मग घरचे म्हणतात, “हिला हवं तेच ऐकू येतं.” हे टोमणे आधी थांबवा. सुटल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती धोक्याची खूण.

कापसाच्या बोळ्याने फारसं भागत नाही. फोमचे इअरप्लग नीट बसवले तर चालतात. त्याहून बरं मशीनच शांत करणं. जुनी क्लच मोटर शिलाई थांबली तरी घुमत राहते. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते, वीजही वाचते. मालकाला विजेचं आधी सांगा, कानाचं नंतर!

कानाच्या तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पगारातून ईएसआय कापत असतील, तर आवाजाने आलेला बहिरेपणा त्या कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, भरपाई मागता येते. पण कामाला लागतानाचा आणि नंतर दरवर्षीचा तपासणीचा कागद हवा. पीसवर काम करणारीला ईएसआय नसेल, तरी कागद तिनेही जपावा.

आणि गटाची पिठाची गिरणी चालवणाऱ्या बायांनो, हातभर अंतराची ती परीक्षा उद्या गिरणीतही करून बघा.