कुम्लिंगे बेटाचें प्रार्थनामंदिर

यूरोपचा नकाशा शिकवितांना स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील ठिपक्यांवर आमची छडी कधीं थांबली नाहीं. परीक्षेंत त्यांवर प्रश्न येत नसे, हें त्याचें लाजिरवाणें पण खरें कारण! सेवानिवृत्तीनंतर त्यांविषयीं सवडीनें वाचलें, तेव्हां आमची चूक आम्हांस उमगली.

या द्वीपसमूहाचें नांव ओलंड. त्यांतील 'ओ' म्हणजे पाणी. लॅटिनमधील 'अॅक्वा' शब्दाचा तो सगोत्र. येथें १६ ग्रामपालिका आहेत. त्यांपैकीं कुम्लिंगे सुमारें ३०० माणसांची. कुम्लिंगे, एंक्लिंगे व सेग्लिंगे हीं तिचीं मुख्य बेटें. राज्य फिनलंडचें, भाषा मात्र स्वीडिश.

सेंट अॅनाचें दगडी प्रार्थनामंदिर हें गांवचें भूषण. ही अॅना म्हणजे ख्रिस्तमाता मेरीची आई, अर्थात् येशूची आजी. बाहेरून पाहतां नुसता करडा दगड. आंत पाऊल टाकावें तों भिंतींवर इ. स. १५०० च्या सुमारास रंगविलेलीं चित्रें. संतांच्या आकृति, आणि त्यांभोवतीं वेलबुट्टी. जवळच्या कोकार बेटावर तेव्हां फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ होता. त्या संप्रदायाची छाप जाणकारांस या चित्रांत दिसते.

या मंदिराभोवतीं राहणाऱ्या लोकांनीं काय सोसलें नाहीं! १६३८ सालीं स्टॉकहोमहून पूर्वेकडे टपाल जाऊं लागलें तें याच बेटांवरून, आणि तें पोंचविण्याची सक्ती शेतकऱ्यांवर. समुद्र अर्धवट गोठला म्हणजे होडी बर्फावरून ओढीत न्यावयाची. कित्येक जण बुडाले. (पत्र दोन दिवस उशिरां आलें तर आमच्या घरीं केवढी कुरकुर होते!) पुढें १७१४ सालीं रशियन सैन्य आलें, तेव्हां ओलंडची बहुतेक प्रजा स्वीडनला पळाली, १७२१ च्या तहानंतर परतली. १८०८ सालीं शेतकऱ्यांनीं उठाव केला आणि कुम्लिंगे येथेंच रशियन तुकडीचा पराभव झाला. परंतु पुढच्याच वर्षीं तहानें बेटें रशियाकडे गेलीं. शेतकऱ्यांनीं जिंकलेलें राजांनीं घालविलें!

१९१७ सालीं फिनलंड स्वतंत्र झाला. बेटवासी स्वीडनला मिळूं इच्छीत होते. १९२१ सालीं राष्ट्रसंघानें बेटें फिनलंडकडेच ठेविलीं, परंतु स्वायत्तता व स्वीडिश भाषा यांची हमी देवविली. त्यामुळें आजहि तेथील सरकारी शाळांत शिक्षण स्वीडिशमधूनच होतें. आम्हां मास्तरांस हें कलम साऱ्या तहनाम्यांहून मोठें वाटतें.

एवढ्याशा वस्तीला स्वतंत्र पालिका कशाला, असें हिशेबी माणूस विचारील. प्रथम आम्हांसहि तसेंच वाटलें. ओलंडच्या सरकारनेंहि १६ पालिकांच्या ४ करण्याचा कायदा मांडला होता. १९२१ ची हमी परक्या राज्यापासून रक्षण करते. घरच्या हिशेबापासून कोण करणार? परंतु २०१९ च्या निवडणुकीनंतर तो बेत मागें घेण्यांत आला. कुम्लिंगेचा कारभार अजून कुम्लिंगेकरच पाहतात, आणि येशूची आजी त्याच भिंतींआड आहे.