भर दुपारी काळोख

१९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात दुपारी तीनच्या सुमारास अंधार पडला! ग्रहण नव्हतं. पावसाळी ढगांत दूरवर पेटलेल्या जंगलांचा धूर मिसळला होता.

आता एक कोडं. अ‍ॅमेझॉनचं जंगल बारमाही ओलं. पायाखालचा पालापाचोळासुद्धा दमट. मग ते पेटतं कसं? ते बहुधा आपणहून पेटत नाही, पेटवलं जातं! आधी झाडं तोडायची, काही महिने वाळू द्यायची आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत काडी लावायची. मग तिथे गवत पेरून गुरं सोडायची.

२००४ या एका वर्षात ब्राझीलमधलं २७ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त जंगल असं गेलं. आपला शेजारी गोवा त्यात सात वेळा मावेल! मग सरकारने उपग्रहांवरून पाळत ठेवली, दंड केले. तोड घटू लागली.

२००८ साली ब्राझीलने 'अ‍ॅमेझॉन निधी' उघडला. नॉर्वेने १ अब्ज डॉलरपर्यंत देऊ केले, जर्मनीही आली. अट मोठी गमतीची. आधी तोड कमी करून दाखवा, मग पैसे. प्रगतिपुस्तक बघून बक्षीस द्यावं तसं! त्या पैशांतून अग्निशमन दलांना साहित्य मिळालं, आदिवासींच्या जमिनींची राखण झाली. २०१२ साली तोड साडेचार हजारांवर आली. (नॉर्वे स्वतः खनिज तेल विकून श्रीमंत झालेला देश, म्हणून काहीजण नाकं मुरडतात. मला तरी वाटतं, दिलेले पैसे कामी आले ना!)

पण २०१९ मध्ये ब्राझीलच्या नव्या सरकारने निधीच्या समित्याच मोडल्या. नॉर्वे आणि जर्मनीने हात आखडता घेतला. आगीसाठी जी-७ देशांनी २ कोटी डॉलर देऊ केले, तेही अध्यक्ष बोल्सोनारो यांनी आधी नाकारले. आमच्या घरात परक्यांची लुडबुड कशाला, हा त्यांचा सवाल. पूर्वी परक्यांची वसाहत असलेल्या देशाला असं वाटणं समजू शकतं. पण २०२१ साली तोड पुन्हा १३ हजारांवर गेली, हेही खरं.

जानेवारी २०२३ मध्ये सरकार बदललं आणि निधी पुन्हा सुरू झाला. तोडही झपाट्याने उतरली. तरी २०२४ साली आगी मात्र भडकल्या! का बरं? मोठा दुष्काळ पडला होता. नद्या आटल्या, ओलं जंगलच सुकलं आणि कुरणात लावलेली आग थेट उभ्या झाडांत शिरली.